पहिला भाग खोटा असताना अख्खं विधान खरं कसं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. स्वतः आयटीआयचे टर्नर, छोटं वर्कशॉप चालवतात. मुलगी यंदा बारावी सायन्सला. ते लिहितात: "गणिताच्या पहिल्याच धड्यात पोरगी अडलीय. 'जर–तर'च्या सारणीत पहिला भाग असत्य असला की सगळं विधान सत्य धरायचं म्हणे. मग 'कोल्हापूर समुद्रकाठी असेल तर 2 + 2 = 5' हेही सत्य का? क्लासमध्ये विचारलं तर 'पाठ कर, मार्क मिळतात' एवढंच उत्तर मिळालं. ती पाठ करायला तयार नाही. मला समजलं तर मी तिला समजावीन."

भाऊ, तुमची मुलगी पाठ करायला तयार नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. मी 31 वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. दरवर्षी हा धडा सुरू झाला की कोणीतरी नेमक्या ह्याच ओळीवर हात वर करायचं. सुरुवातीची काही वर्षं मीही "तशी व्याख्याच आहे" म्हणून पुढे सरकायचो. त्या मुलांचं मी देणं लागतो असं अजून वाटतं, कारण ह्या ओळीमागे कारण आहे आणि ते साध्या मराठीत सांगता येतं.

पुस्तकात विधानांना पी आणि क्यू म्हणतात. मी इथे प आणि फ लिहितो. 'प → फ' म्हणजे 'जर प, तर फ'.

जुलै-ऑगस्टात आपण सगळे सकाळी उठल्या उठल्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. समजा नदीकाठच्या एका घरानं ठरवलं: "पातळी 43 फुटांवर गेली तर घर सोडायचं." आता त्या घराचे चार पावसाळे घ्या.

पहिल्या वर्षी पाणी 45 फुटांवर गेलं आणि मंडळी गाठोडी बांधून पाहुण्यांकडे गेली. ठरवल्याप्रमाणे वागली. दुसऱ्या वर्षी पाणी पुन्हा 45 वर गेलं, पण "बघू, उतरेल रात्रीत" म्हणून सगळे माळ्यावर बसून राहिले. इथे ठरलेलं मोडलं. तिसऱ्या वर्षी पाणी 40 वरच थांबलं, पण घरात आजी अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून ते आधीच बाहेर पडले. चौथ्या वर्षी पाणी 36 च्या वर गेलंच नाही आणि सगळे घरीच राहिले.

मुलीला विचारा: चार वर्षांत ठरलेलं किती वेळा मोडलं? ती एकदाच म्हणेल, दुसऱ्या वर्षी. तिसऱ्या वर्षी लवकर निघाले म्हणून कोणी त्यांना बोल लावणार नाही. '43 वर गेलं तर सोडायचं' असं ठरलं होतं. '43 च्या आत सोडायचं नाही' असं कोणी म्हणालंच नव्हतं. ठरलेलं पाळलं जातं किंवा मोडतं, आणि विधान सत्य असतं किंवा असत्य. जिथे ठरलेलं मोडतं तिथेच विधान असत्य, बाकी सगळीकडे सत्य. म्हणून सारणी अशी येते:

प सत्य, फ सत्य : प → फ सत्य
प सत्य, फ असत्य : प → फ असत्य
प असत्य, फ सत्य : प → फ सत्य
प असत्य, फ असत्य : प → फ सत्य

जर–तर विधान फक्त एकच गोष्ट नाकारतं: पहिलं घडलं आणि दुसरं घडलं नाही. बाकी तीन ओळींबद्दल त्याची काही तक्रार नाही.

हुशार मुलगी इथे थांबणार नाही. ती म्हणेल, "तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठरलेलं मोडलं नाही हे ठीक, पण पाळलं तरी कुठे? तो नियम लागूच झाला नाही." हा आक्षेप खरा आहे, तो झटकून टाकू नका. अडचण अशी की आपल्या ह्या तर्कशास्त्रात रकाने दोनच आहेत, सत्य आणि असत्य. 'लागू नाही' असा तिसरा रकाना नाही. मग त्या दोन रिकाम्या जागांमध्ये काय भरायचं?

तिला सगळे पर्याय करून बघू द्या. चारच आहेत. पहिल्या दोन ओळींबद्दल वाद नाही: सत्य, असत्य. खालच्या दोन्ही ओळींत असत्य भरलं तर शेवटचा रकाना 'प आणि फ' चाच होतो. 'जर' म्हणायचं कारणच उरत नाही. तिसऱ्या ओळीत सत्य आणि चौथ्या ओळीत असत्य भरलं तर तो रकाना हुबेहूब फ सारखा दिसतो, म्हणजे प चा काही संबंधच राहत नाही. तिसऱ्यात असत्य आणि चौथ्यात सत्य भरलं तर 'तर आणि तरच' होतं (दोन्ही भाग सारखे असले तरच सत्य), म्हणजे आजीला घेऊन लवकर निघालेलं कुटुंब दोषी ठरतं. उरतो एकच पर्याय, दोन्हीकडे सत्य. हे तिनं स्वतःच्या हातानं वहीत करावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते केलं की पाठ करण्यासारखं काही उरत नाही.

दुसरा पुरावा मला त्याहून आवडतो, कारण तो गणिताच्या पोटातून येतो. "क्ष ही संख्या 3 पेक्षा मोठी असेल तर ती 2 पेक्षाही मोठी असते." हे कोणत्याही संख्येसाठी खरं आहे, यावर तुमची मुलगी डोळे झाकून सही करेल. आता क्ष च्या जागी 5 टाका. दोन्ही भाग सत्य, पहिली ओळ. 2.5 टाका. पहिला भाग असत्य, दुसरा सत्य. 1 टाका. दोन्ही असत्य. सगळ्या संख्यांसाठी विधान खरं मानलं, तर 2.5 आणि 1 साठीही ते खरंच मानावं लागतं. म्हणजे तिसरी आणि चौथी ओळ ती आधीपासून मानत आली आहे, फक्त तिला तसं कोणी दाखवलं नव्हतं. दुसऱ्या ओळीत बसणारी संख्या शोधायला सांगा. सापडणार नाही, आणि न सापडणं हेच ते विधान सत्य असण्याचं कारण.

मग समुद्रकाठच्या कोल्हापूरचं काय? हो, ते विधान सत्य आहे. कानाला ते विचित्र लागतं, कारण बोलताना आपण 'जर–तर'मध्ये कारण भरून देतो: पाऊस पडला तर नदी वाढेल, पावसामुळे. बाणाच्या चिन्हाला कारण कळत नाही. त्याला दोन्ही टोकांना सत्य आहे की असत्य एवढंच दिसतं. 'आणि'चंही तसंच आहे. "तो भिजला आणि त्याला ताप आला" आणि "त्याला ताप आला आणि तो भिजला" ह्या दोन वाक्यांत आपल्याला वेगळ्या गोष्टी ऐकू येतात, पण सत्यता सारणी दोन्हींची एकच. आणि चौथी ओळ आपण बोलण्यातही वापरतो. "तो वेळेवर आला तर मी नाव बदलीन!" असं म्हणणारा नाव बदलणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरा भाग उघड असत्य, तरी त्याचं म्हणणं खरं. मग पहिला भाग सत्य कसा असेल? ऐकणारा तेवढ्यात समजतो की तो वेळेवर येणार नाही.

तुमच्या मुलीची शंका सव्वादोन हजार वर्षांहून जुनी आहे. ग्रीसमध्ये फिलो आणि त्याचा गुरू डायोडोरस यांच्यात ह्याच मुद्द्यावर वाद होता. फिलोचं म्हणणं आपल्या सारणीसारखंच होतं: सत्यापासून सुरू होऊन असत्यावर संपणारं जर–तर विधान तेवढं खोटं, बाकीची खरी. डायोडोरसला ते पुरेसं वाटत नव्हतं. तो वाद इतका गाजला की कॅलिमॅकस नावाच्या कवीनं लिहिलं, छपरावरचे कावळेसुद्धा आता जर–तरबद्दलच काव काव करतात. पुढे जर्मन गणिती फ्रेगे यांनी 1879 मध्ये फिलोचाच अर्थ पायाला धरून चिन्हांचं तर्कशास्त्र उभं केलं, आणि आज पुस्तकात दिसते तशी सारणी 1921 मध्ये एमिल पोस्ट आणि विटगेनस्टाइन यांनी वेगवेगळी मांडली. एवढी डोकी जिथे घासली गेली, तिथे सतरा वर्षांची मुलगी अडली तर तिला पाठ कर म्हणणं बरं नव्हे.

आता मराठीबद्दल थोडं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे मार्क सारणीत फारसे जात नाहीत, ते वाक्याचं चिन्हांत रूपांतर करताना जातात. खरं तर आपल्या भाषेत ह्यासाठी छोटे छोटे शब्द इतके नेमके आहेत की ते नीट ऐकले तर चूक होणारच नाही.

'तर' आणि 'तरच' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. "तिकीट असेल तर आत सोडतील" हे प → फ. "तिकीट असेल तरच आत सोडतील" म्हणजे आत सोडलेला माणूस दिसला की त्याच्याकडे तिकीट आहे असं समजायचं, म्हणून फ → प. एका 'च'नं बाण फिरला. "तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत" हेही फ → प च आहे. "तिकीट असूनही सोडलं नाही" यात जर–तर नाहीच, ते 'प आणि फ नाही' आहे. 'पण'ची सारणी 'आणि'चीच. 'पण'मधला हिरमोड चिन्हांत उतरत नाही. आणि 'किंवा' म्हणजे दोन्हींपैकी किमान एक, दोन्ही असले तरी चालेल. "चहा की कॉफी?" मधला 'की' तो नव्हे.

माझा सगळ्यांत आवडता शब्द 'नाहीतर'. "लवकर आवर, नाहीतर केएमटी चुकेल." ह्याचे दोन अर्थ लावता येतात: 'आवरलंस किंवा बस चुकली', आणि 'आवरलं नाहीस तर बस चुकेल'. दोन्ही बोलायला सारखेच. म्हणूनच पुस्तकात प → फ हे ~प ∨ फ शी सममूल्य असतं. ~ म्हणजे नाही, ∨ म्हणजे किंवा. मुलं हे सूत्र म्हणून घोकतात आणि घरी आई रोज ते बोलत असते.

पुढचा खड्डा व्यत्यासाचा. प → फ सत्य असलं म्हणून फ → प सत्य असेलच असं नाही. आपल्याकडच्या न्यायशास्त्रातलं उदाहरण सगळ्यांनी ऐकलंय: जिथे धूर तिथे अग्नी. उलट का म्हणता येत नाही, यासाठी त्या पंडितांनी लाल तापलेला लोखंडाचा गोळा दाखवला. आग आहे, धूर नाही. भाऊ, हे उदाहरण तुमच्याइतकं कोणाला पटणार? शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत मुलीला एकदा घेऊन जा, भट्टीतून निघालेलं लोखंड लांबून दाखवा. आणि गुऱ्हाळावर न्या. तिथे लांबून धूर दिसला की चुलवाण पेटलंय हे नक्की. पण धूर दिसत नाही म्हणून चुलवाणात हात घालायला कोणी जाऊ नये.

हात घालू नये असं मी उगाच म्हणत नाही. ही चूक पेपरात दोन मार्कांची असते, बाहेर ती फार महाग पडते. पूर येतो तेव्हा मी हे दरवेळी ऐकतो: "राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले तर पाणी वाढतं" हे खरं, म्हणून लोक म्हणतात, "अजून एकही दरवाजा उघडलेला नाही, म्हणजे पाणी वाढणार नाही." प → फ वरून ~प → ~फ काढलं. ते निघत नाही. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे भोगावतीवर आहेत. पंचगंगेला कासारी, कुंभी आणि तुळशीचंही पाणी येतं, आणि खालच्या खोऱ्यात पडणारा पाऊस कुठल्याही दरवाज्याला विचारून पडत नाही. 2019 च्या पुरात पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. त्या आठवड्यात दरवाज्यांच्या आकड्यांवर विसंबून सामान वर न काढलेली घरं मी बघितली आहेत. ह्या धड्याबद्दल मी एवढ्या कळकळीनं बोलतो ते त्यामुळेच.

प → फ वरून खात्रीनं निघतं ते ~फ → ~प, ज्याला मुलं कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात. दरवाजा उघडला तर पाणी वाढतं हे मान्य असेल, आणि पाणी वाढलेलं नसेल, तर दरवाजा उघडलेला नाही. दोन्ही टोकं नाकारायची आणि बाण फिरवायचा. नुसती टोकं नाकारली किंवा नुसता बाण फिरवला तर फसलो.

नकाराबद्दल एकच गोष्ट. "पाऊस पडला तर बस उशिरा येते" ह्याचा नकार "पाऊस पडला नाही तर बस उशिरा येत नाही" असा बहुतेक मुलं लिहितात. "पाऊस पडला तर बस वेळेवर येते" हेही चूक. विधानानं जी एकच ओळ नाकारली होती, ती घडली असं म्हणणं म्हणजे नकार: "पाऊस पडला आणि तरीही बस वेळेवर आली." चिन्हांत प ∧ ~फ, ∧ म्हणजे आणि. 'किंवा'चा नकार काढताना दोन्ही भाग नाकारून 'आणि'नं जोडायचे, ह्या डी मॉर्गनच्या नियमानं ~प ∨ फ चा नकार काढला तरी हेच येतं. हे डी मॉर्गन 1806 मध्ये मदुराईत जन्मले, हे सांगितलं की मुलांना ते नाव जरा जवळचं वाटतं.

सारणी भरण्याची पद्धत तिला येत असेलच. दोन विधानं असतील तर 4 ओळी, तीन असतील तर 8; पहिल्या रकान्यात चार सत्य चार असत्य, दुसऱ्यात दोन-दोन, तिसऱ्यात एक-एक. कंसातलं आधी, आणि मधला रकाना गाळायचा नाही.

धड्याच्या शेवटी स्विचच्या मंडलांचा भाग येतो, तो मात्र तुम्ही स्वतः शिकवा. एकामागे एक जोडलेले दोन स्विच म्हणजे 'आणि', समांतर जोडलेले म्हणजे 'किंवा'. अमेरिकेत क्लॉड शॅनन यांनी 1937 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या प्रबंधात रिले (विजेनं चालणारे स्विच) आणि स्विचची जोडणी ह्याच बीजगणितानं मांडून दाखवली. मशीनच्या पॅनेलमधले दोन रिले उघडून तिच्यासमोर ठेवले तर फळ्यावरच्या तासाभरापेक्षा जास्त होईल. घरच्या जिन्याचा दिवा वरूनही आणि खालूनही लागतो ना, त्याची सारणी करायला सांगा. ती 'तर आणि तरच'ची किंवा तिच्या नकाराची येईल, वायर कशी ओढली आहे त्यावर.

शेवटी मी वर्गात करायचो ते. पीटर वॅसन ह्या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्ये हा प्रयोग पत्त्यांसारख्या कार्डांवर केला होता. तुमच्याकडे जॉब, म्हणजे वर्कशॉपमध्ये बनणारे भाग, आहेत, म्हणून मी तो तुमच्या भाषेत मांडतो. चार चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठी एका जॉबची. एका बाजूला तपासणीचा शेरा, ओके किंवा रिजेक्ट. दुसऱ्या बाजूला तो कुठल्या ट्रेमध्ये गेला, लाल की हिरव्या. नियम असा: जॉब रिजेक्ट असेल तर तो लाल ट्रेमध्ये गेला पाहिजे. टेबलावर चिठ्ठ्यांच्या वरच्या बाजू अशा दिसू द्या: रिजेक्ट, ओके, लाल, हिरवा. आता मुलीला विचारा, नियम मोडला गेलाय का हे बघायला नेमक्या कुठल्या चिठ्ठ्या उलटशील?

वॅसनच्या कार्डांवर बहुतेक माणसं चुकली. ती पहिलं कार्ड बरोबर उचलायची आणि मग नियमात नाव असलेलं दुसरं, म्हणजे आपल्याकडचं 'लाल'. तुमची मुलगीही कदाचित तेच करेल. लगेच चूक सांगू नका, तिला चिठ्ठी उलटू द्या. 'लाल'च्या मागे ओके निघो की रिजेक्ट, नियम मोडत नाही, मग ती उलटून काय मिळालं? मग 'हिरवा' उलटायला सांगा. मागे रिजेक्ट निघालं तर तुमचा खराब जॉब गिऱ्हाइकाकडे निघालाय. लाल ट्रेमध्ये नाही, तर रिजेक्ट नसला पाहिजे: तेच ते ~फ → ~प, आणि तुमचा तपासणीचा माणूस ते रोज करतो.

राहिली 'ओके'ची चिठ्ठी. ती उलटायची गरज नाही, पण तिचं समाधान होत नसेल तर उलटू द्या. मागे लाल असेल, तर एक चांगला जॉब चुकून लाल ट्रेमध्ये गेलाय. नुकसान तुमचं झालं, पण नियम मोडलेला नाही. मागे हिरवा असेल तरीही नाही. तिनं तुम्हाला विचारलेल्या दोन्ही ओळी ह्याच एका चिठ्ठीच्या मागे आहेत.